बर्लिनच्या फुटपाथवरची पितळी नावं

शनिवार, ८ नोव्हेंबर

भाचीचं घर बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग भागात, जुन्या पाच मजली इमारतीत, लिफ्ट आहे पण दोन माणसं आणि एक बॅग एवढीच मावते त्यामुळे सामान वर चढवण्यातच अर्धा तास गेला. पोहे खाल्ले, चहा घेतला आणि हे लगेच झोपले. मी मात्र भाचीबरोबर ब्रेड आणायला खाली उतरले, कारण दुसऱ्या दिवशी रविवार, आणि रविवारी इथे सगळं बंद.

इमारतीच्या दारातून बाहेर पडलं की दोन पावलांवर फुटपाथच्या दगडांत चार पितळी चौकोन बसवलेत, प्रत्येक तळहाताएवढा, दहा सेंटिमीटर बाय दहा. काळपट पडलेले. मला आधी वाटलं पाण्याच्या किंवा गॅसच्या लाइनचं काहीतरी झाकण असेल. वाकून बघितलं तर वर अक्षरं ठोकलेली. "इथे राहत होती", खाली नाव, जन्मसाल, मग नाझींनी कधी उचलून नेलं, कुठे नेलं, आणि शेवटच्या ओळीत कुठे मारलं. एका घराची चार माणसं होती, आईवडील आणि दोन मुलं, धाकट्याचं जन्मसाल १९३४.

याला स्टोलपरश्टाइन म्हणतात, अडखळायचा दगड, पण पाय काही अडखळत नाही, फरशीच्या लेव्हललाच असतो. गुंटर डेमनिग नावाच्या शिल्पकाराने हे काम १९९० च्या दशकात सुरू केलं, आता युरोपभर मिळून एक लाखाच्या वर दगड झालेत (लाखावा २०२३ च्या मे महिन्यात न्यूरेंबर्गला बसला) आणि एकट्या बर्लिनमध्ये दहा हजारांहून जास्त आहेत. फक्त ज्यू लोकांचे नाहीत हां. सिंती-रोमा (ज्यांना जिप्सी म्हणायचे ते), समलिंगी, यहोवाचे साक्षीदार म्हणवणारे ख्रिस्ती, कम्युनिस्ट, सोशल डेमोक्रॅट, आणि "जगायला नालायक" ठरवून हॉस्पिटलातून नेऊन मारलेली अपंग आणि मनोरुग्ण माणसं, सगळ्यांचे आहेत.

भाचीला म्हटलं अगं तू रोज यांच्यावरून जातेस? ती म्हणाली, "मावशी, पहिला महिनाभर वळसा घालून जायचे, आता लक्षात राहील तेव्हा वळसा घालते." खरं उत्तर दिलं पोरीने.

मी येताना ठरवून आले होते की यावेळी म्युझियमं कमी आणि रस्ते जास्त. यांना चर्चिलपासून स्टालिनग्राडपर्यंत सगळं पाठ आहे, मला त्या रणगाड्यांत कधीच रस नव्हता. मला कळायचं होतं की एका बिल्डिंगमधली माणसं एक दिवस नाहीशी झाली तेव्हा बाकीच्या बिल्डिंगने काय केलं.

रविवार, ९ नोव्हेंबर

आजची तारीख इथे फार वजनदार. १९३८ मध्ये ९ नोव्हेंबरच्या रात्री देशभर सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) जाळले, ज्यूंची दुकानं फोडली, आणि पुढच्या दिवसांत तीसेक हजार ज्यू पुरुषांना पकडून छळछावण्यांत टाकलं. आणि १९८९ मध्ये याच तारखेला भिंत पडली. त्यामुळे शहराला एकाच दिवशी रडायचं पण असतं आणि नाचायचं पण.

सकाळी दहाच्या सुमारास खिडकीतून बघितलं तर खालच्या मजल्यावरच्या आजी (रिटायर्ड शिक्षिका, सत्तरीच्या पुढच्या) दारासमोर उशी टाकून गुडघ्यावर बसलेल्या, शेजारी स्पंज, फडकं, पॉलिशची ट्यूब आणि पुठ्ठ्याचा एक तुकडा, त्याला बरोब्बर दगडाएवढं चौकोनी भोक पाडलेलं, म्हणजे पॉलिशचे डाग आजूबाजूच्या फरशीवर पडायला नकोत. ९ नोव्हेंबरला आणि २७ जानेवारीला, म्हणजे आउशविट्झची मृत्युछावणी मुक्त झाली त्या तारखेला, लोक असे आपापल्या दारासमोरचे दगड घासतात. कुणी सांगत नाही, सोसायटीचं सर्क्युलर नसतं, ज्याला वाटेल तो उतरतो.

आता गंमत अशी की भाचीने देव घासायला आमच्याकडून पितांबरी मागवली होती, ती कालच बॅगेतून काढून ओट्यावर ठेवलेली. मी पुडा घेऊन खाली. आजींनी पुडा उलटा-सुलटा करून वास घेतला, भाचीला जर्मनमध्ये दहा प्रश्न विचारले, आणि एका कोपऱ्यावर थोडी लावून बघायची परवानगी दिली. पितळ ते पितळ, निघालंच. मग दोन दगड त्यांनी घासले, दोन मी. घासताना कळतं की अक्षरं छापलेली नाहीत, एकेक हाताने ठोकलेलं आहे, कुठे खोल, कुठे ओळ जरा तिरकी. २००५ पासून हे ठोकायचं काम मिशाएल फ्रीडरिश्स-फ्रीडलेंडर हा कारागीर करतो, मशीनवर न करता मुद्दाम हाताने, कारण मारायचं काम कारखान्यासारखं झालं होतं तर आठवायचं तसं नको.

आजींनी दगडांवर पांढरा गुलाब ठेवला, मेणबत्ती लावली, आणि कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायची आठवण भाचीला करून वर गेल्या.

दुपारी ब्रांडेनबुर्ग गेट. तिथे आज तुफान गर्दी, सगळे फोन वर करून गेटचा फोटो काढत होते. गेटला अगदी लागून लीबरमान हाउस आहे, माक्स लीबरमान म्हणजे मोठा चित्रकार, प्रशियाच्या कला अकादमीचा अध्यक्ष. ३० जानेवारी १९३३ ला नाझींची मशालींची मिरवणूक त्याच्या घराखालून गेली तेव्हा म्हातारा म्हणाला होता की मला जेवढं ओकावंसं वाटतंय तेवढं मी खाऊच शकत नाही. तो १९३५ मध्ये गेला, सुटला म्हणायचं. बायको मार्टा मागे राहिली. ८५ वर्षांची बाई, अंथरुणाला खिळलेली, १९४३ च्या मार्चमध्ये तिला तेरेझिनश्टाटच्या छावणीत न्यायची नोटीस आली तेव्हा तिने झोपेच्या गोळ्या घेतल्या. तिचा दगड त्या घरासमोर आहे आणि त्यावर मरणाचं कारण लिहिलंय, मरणात पळून गेली.

खरं तर ती शेवटी या घरात राहत नव्हती, तोवर दुसरीकडे हलावं लागलं होतं. पण दगड बसवताना नियम असा की माणूस स्वतःच्या मर्जीने शेवटचं जिथे राहिलं तो पत्ता धरायचा. कारण १९३९ नंतर ज्यूंना घरं सोडायला लावून एकेका इमारतीत कोंबलं होतं, एका खोलीत एक कुटुंब, तो काही त्यांचा पत्ता नव्हे. हा नियम मला फार पटला.

तिथून चालत मारल्या गेलेल्या ज्यूंच्या मोठ्या स्मारकाला. पीटर आयझेनमनचे २७११ काँक्रीटचे ठोकळे, २००५ मध्ये उघडलेलं. आत शिरलं की जमीन खाली जाते, ठोकळे डोक्यावर जातात, यांना खूप आवडलं, मला नाही. एकाही ठोकळ्यावर नाव नाही (नावं खाली तळघरातल्या माहिती केंद्रात आहेत) आणि वर पोरं लपाछपी खेळत होती, त्यांचंही काही चुकलं नाही, जागाच तशी आहे. "भव्य आहे" म्हणून माणूस मोकळा होतो आणि कॉफी प्यायला जातो. आम्हीही गेलो.

संसद इमारतीजवळ दानी कारावानने केलेलं सिंती-रोमांचं स्मारक मात्र मन लावून बघा. काळ्या पाण्याचं गोल तळं, मधोमध तिकोनी दगड, त्यावर रोज एक ताजं फूल ठेवतात. २०१२ उजाडलं ते व्हायला. आपल्याकडूनच शेकडो वर्षांपूर्वी निघालेली ही माणसं, पाण्याला अजूनही पानी म्हणतात आणि नाकाला नाक.

सोमवार

बायरिशेस फिअर्टेल, म्हणजे बव्हेरियन वस्ती. यू-बानने (म्हणजे मेट्रोने) बायरिशर प्लाट्झला उतरायचं आणि डोकं वर करून चालायचं, कारण इथली आठवण पायाशी नाही, दिव्याच्या खांबांवर आहे. १९९३ मध्ये रेनाटा श्टीह आणि फ्रीडर श्नॉक या दोन कलाकारांनी इथे ८० पाट्या लावल्या. एका बाजूला लहान मुलांच्या पुस्तकात असतं तसं साधं रंगीत चित्र, आणि उलट बाजूला त्या काळचा एक नियम, तारखेसकट.

ब्रेडचं चित्र, आणि मागे, बर्लिनमधल्या ज्यूंनी खाद्यपदार्थ फक्त दुपारी चार ते पाच या वेळात विकत घ्यायचे, ४ जुलै १९४०. बाकाचं चित्र, या चौकात ज्यूंनी फक्त पिवळी खूण केलेल्या बाकांवर बसायचं. लंगडीच्या चौकटी आखलेलं चित्र, आर्य आणि अनार्य मुलांनी एकत्र खेळायचं नाही, १९३८. मांजराचं चित्र, ज्यूंनी पाळीव प्राणी ठेवायचे नाहीत, फेब्रुवारी १९४२. पोहण्याचे तलाव बंद, गायन मंडळातून बाहेर, रेडिओ जमा करा, टेलिफोन काढला, अंडी मिळणार नाहीत, दूध मिळणार नाही.

मला वाचता येत नव्हतं, भाची रजा काढून आलेली, ती वाचून सांगत होती आणि सुरुवातीला आम्ही पटापट पुढे जात होतो. मग मांजरापाशी ती थांबली. तिचं स्वतःचं मांजर आहे. म्हणाली, "मावशी, मांजराने काय केलं होतं गं यांचं?"

आणि खरंच, एका दिवसात कुणाला गाडीत घातलेलं नाही. आधी १९३३ मध्ये गायन मंडळातून काढलं, तेव्हा बाकीच्या गायकांनी गाणं थांबवलं का? मग बाक, मग पोहणं, मग मांजर, प्रत्येक वेळी शेजाऱ्याच्या डोळ्यांदेखत, प्रत्येक वेळी एवढंसंच. दूध बंद झालं तेव्हा दूधवाल्याला माहीत होतंच की, घरचा हिशोब त्याच्याकडेच असणार. एक पाटी तर कुणाच्या तरी पत्रातली आहे, जानेवारी १९४२, आता वेळ आली, उद्या मला निघावं लागणार, तुला पत्र लिहीन, अशा अर्थाची.

पाट्या पहिल्यांदा लावत होते तेव्हा लोकांनी घाबरून पोलिसांना फोन केले होते, त्यांना वाटलं नवनाझींचा उद्योग आहे. मग प्रत्येक पाटीखाली हे स्मारक आहे असं सांगणारी छोटी पट्टी जोडावी लागली.

याच वस्तीत हाबरलांडश्ट्रासेवर आइनस्टाइन राहायचा, घर उरलेलं नाही. यांना तिथे फोटो काढायचा होता, काढला.

मंगळवार

सकाळी एस-बानने (इथली लोकल) ग्रुनेवाल्ड. एकदम श्रीमंत भाग, मोठमोठे बंगले, झाडी, पडलेली पानं. स्टेशनही बंगल्यासारखंच. आणि तिथेच प्लॅटफॉर्म १७. १८ ऑक्टोबर १९४१ ला बर्लिनच्या ज्यूंना घेऊन पहिली गाडी इथून निघाली, हजाराच्यावर माणसं, पोलंडमधल्या लोड्झला. लेवेट्झोश्ट्रासेवरच्या सिनेगॉगमध्ये गोळा करून त्यांना भर शहरातून इथपर्यंत चालवत आणलं होतं. म्हणजे बघितलं सगळ्यांनी.

१९९८ पासून हा प्लॅटफॉर्म स्मारक आहे. दोन्ही कडांना लोखंडी जाळीदार पट्ट्या, १८६ आहेत, प्रत्येक एका गाडीसाठी, तिच्या काठावर तारीख, माणसांचा आकडा आणि गाव. आपण नुसतं चालत जायचं. १९४२ संपतच नाही. मग आकडे लहान होत जातात, शंभर, पन्नास, तीस, कारण शहरात माणसंच उरली नव्हती, आणि शेवटची मार्च १९४५ च्या अखेरची, १८ माणसं. रशियन फौजा दारात, शहर बॉम्बने फुटलेलं, आणि १८ ज्यूंना तेरेझिनश्टाटला पोचवायला यांच्याकडे गाडी होती.

रेल्वे फुकट नेत नव्हती हे मला माहीत नव्हतं. तिसऱ्या वर्गाचं भाडं लावायचे, किलोमीटरला ४ फेनिग, लहान मुलांना अर्धं तिकीट, आणि चारशेच्या वर माणसं असली की ग्रुप कन्सेशन. भाडं सिंगलचं. पैसे वसूल व्हायचे ते त्याच माणसांकडून लुटलेल्या पैशातून. यांनी बँकेत ३१ वर्षं काढलीत, ते प्लॅटफॉर्मच्या कडेला उभे राहून म्हणाले, "म्हणजे कुणीतरी बसून व्हाउचर पास केलं असेल." दिवसभरात एवढंच बोलले.

दुपारी डालेम. इथे जायचं कारण अगदी मराठी आहे. फ्राये युनिव्हर्सिटीच्या स्टेशनला उतरून चालत इहनेश्ट्रासे २२. आज तिथे राज्यशास्त्राचा विभाग आहे, पोरंपोरी सायकली लावून आत-बाहेर करत असतात. १९२७ मध्ये ही इमारत उघडली ती मानववंशशास्त्र, आनुवंशिकी आणि युजेनिक्सची (म्हणजे वंश "सुधारायच्या" तथाकथित शास्त्राची) कैसर विल्हेल्म संस्था म्हणून, आणि जवळपास तेव्हाच पुण्याहून बाविशीची एक मुलगी पीएचडी करायला इथे आली, इरावती कर्वे.

तिचा गाइड ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठतेवर गाढ विश्वास असलेला मोठा प्रोफेसर. काम दिलं ते कवट्या मोजायचं, दीडशेच्या आसपास कवट्या, त्यातल्या काही जर्मनीच्या आफ्रिकन वसाहतींतून आणलेल्या, आणि बघायचं काय तर कवटीची डावी-उजवी बाजू कितपत असमान असते. गुरुजींचा अंदाज असा की युरोपियन कवट्यांमध्ये ही असमानता वेगळी आणि जास्त निघेल आणि त्यातून त्यांच्या बुद्धीचं काहीतरी सिद्ध होईल. इरावतीबाईंनी मोजलं, तसं काही सापडलं नाही, आणि त्यांनी सापडलं नाही असंच लिहिलं. परक्या देशात, एकटी मुलगी, कर्ज काढून आलेली, आणि डिग्री त्याच माणसाच्या हातात. आपण त्यांना त्यांच्या महाभारतावरच्या लिखाणासाठी डोक्यावर घेतो, ते बरोबरच आहे, पण हे काम माझ्या लेखी त्याहून कमी नाही.

पुढे काय झालं ते वाईट आहे. फिशर १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला, संस्था नाझींच्या सक्तीच्या नसबंदीसाठी तज्ज्ञ मतं पुरवत राहिली, नंतर फेरशूअर डायरेक्टर झाला आणि त्याचा जुना विद्यार्थी म्हणजे आउशविट्झचा डॉक्टर मेंगेले, जो तिथून इथे रक्ताचे नमुने आणि मेलेल्यांचे अवयव पाठवायचा. २०१४ पासून इथे जवळच झालेल्या खोदकामांत माणसांच्या हाडांचे हजारो तुकडे सापडले, ते मार्च २०२३ मध्ये डालेमच्या दफनभूमीत पुरले. कुणाची हाडं, नाव नाही, पत्ता नाही, त्यामुळे त्यांचा पितळी दगडही होऊ शकत नाही.

इमारतीवर फलक आहे, जुना इतिहास सांगणारा. मी पायऱ्यांवर पाच मिनिटं बसले. आतून एक मुलगी आली आणि विचारलं काही मदत हवी का, म्हटलं नको, आमच्या गावच्या बाई इथे शिकायला होत्या.

बुधवार

हाकेशर मार्केट. जागा हल्ली फॅशनेबल, कॅफे, बुटांची दुकानं. रोझेनथालर श्ट्रासे ३९ च्या आतल्या अंगणात भिंतीभर ग्राफिटी, आणि तिथून जिना चढून वर ओटो वाइटचा ब्रशचा कारखाना, आता म्युझियम, प्रवेश फुकट. वाइट स्वतः जवळजवळ आंधळा. त्याच्याकडे आंधळे आणि बहिरे ज्यू कामगार झाडू आणि ब्रश बनवायचे, आणि सैन्याला ब्रश लागतात या नावाखाली तो त्यांना वाचवायचा, गेस्टापोला, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांना, लाच देऊन, खोटे कागद करून. सगळ्यात मागच्या खोलीला खिडकी नाही आणि दारासमोर कपाट, त्यामागे चार माणसांचं एक कुटुंब लपवलेलं होतं. १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये कुणीतरी चुगली केली आणि ते पकडले गेले. ती खोली अजून आहे. खोलीत आपण पर्यटक चौघं उभे राहिलो तरी एकमेकांचा श्वास लागतो.

काही जण वाचले. म्हणजे त्या काळातही करता येत होतं, फार थोड्यांनी केलं.

पलीकडच्या ग्रोसे हांबुर्गर श्ट्रासेवर एका इमारतीचा मधला भाग बॉम्बने गेलाय. क्रिस्तिआँ बोल्तान्स्की या फ्रेंच कलाकाराने १९९० मध्ये त्या रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, ज्या मजल्यावर जो राहायचा त्याच उंचीला, नाव, धंदा आणि तिथे राहण्याची वर्षं अशा पाट्या लावल्या. हवेत लटकलेले पत्ते.

संध्याकाळी पायाचे तुकडे. भाचीने खिचडी टाकली.

गुरुवार

कोलोन. मंगळवारीच जाणार होतो पण जावयाने अडवलं, ११ तारखेला तिथे कार्निव्हलचा सीझन उघडतो, सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी, आणि अख्खं गाव जोकरचे कपडे घालून बिअर पीत रस्त्यावर येतं. आज पोचलो तेव्हाही कोपऱ्याकोपऱ्यात चमकी पडलेली.

गाडीत चार-साडेचार तास जावयाशी गप्पा. तो आधी म्यूनिकला नोकरीला होता आणि तिथे फुटपाथवर हे दगड नाहीतच, महापालिकेने २००४ मध्ये नाही म्हटलं आणि २०१५ मध्ये पुन्हा नाही म्हटलं. विरोध कुणाचा, तर तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्ष शार्लोटे क्नोब्लोख यांचा, ज्या स्वतः लहानपणी लपून वाचल्या. त्यांचं म्हणणं, त्या माणसांना तेव्हा बुटांनी तुडवलं, आता त्यांच्या नावांवरून पुन्हा बूट जाणार, कुत्री घाण करणार. २०१८ पासून तिथे भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला पाट्या लावतात किंवा खांब उभारतात.

हे म्हणाले, आपल्याकडे पंढरपूरला नामदेवाची पायरी आहेच की, सगळ्यांचे पाय लागावेत म्हणूनच. पण मला ते पटेना. नामदेवांनी ते स्वतः मागून घेतलं होतं, संतांची पायधूळ मिळावी म्हणून. या लोकांना कुणी विचारलं? कागदाला पाय लागला तरी हात लावून नमस्कार करणारी मी, मला क्नोब्लोखबाईंचं म्हणणं पोटातून कळतं. उलट डेमनिगचं म्हणणं की वाचायला माणसाला वाकावं लागतं, म्हणजे नावापुढे मान झुकतेच, आणि भिंतीवर लावायचं तर घरमालकाची परवानगी लागेल, बहुतेक मालक देणार नाहीत. ही दुसरी गोष्ट मला जास्त खरी वाटते. फुटपाथ सगळ्यांचा आहे. जावई म्हणाला पण क्नोब्लोखबाईंना नाही म्हणायचा जेवढा हक्क आहे तेवढा आपल्यापैकी कुणालाच हो म्हणायचा नाही. त्यावर आम्ही तिघंही गप्प, तेवढ्यात कॉफीवाला आला.

कोलोनला या सगळ्याची सुरुवात झाली. १९४० च्या मे महिन्यात इथून एक हजार सिंती-रोमांना पोलंडला पाठवलं होतं, ज्यूंच्या मोठ्या गाड्यांची ती एक प्रकारे रंगीत तालीमच. १९९० मध्ये डेमनिगने एक चाक बनवलं, रंगात बुडवलं की फिरताना अक्षरं उमटतील असं, आणि ती माणसं ज्या वाटेने नेली त्या वाटेवर शहरभर ओळ उमटवत गेला. नंतर रंग उडाला म्हणून काही ठिकाणी ती ओळ पितळेत बसवली. त्या कामाच्या वेळी एक म्हातारी बाई त्याला म्हणाली, अहो आमच्या भागात जिप्सी कधी राहतच नव्हते. ती खोटं बोलत नव्हती म्हणे, तिला खरंच माहीत नव्हतं. शेजारी शेजारी राहून. तिथून त्याच्या डोक्यात दारासमोरच्या दगडाची कल्पना आली.

पहिला दगड जुन्या रातहाउससमोर, म्हणजे नगरपालिकेच्या इमारतीसमोर, १६ डिसेंबर १९९२ ला बसवलेला. त्यावर कुणाचं नाव नाही, नाझींच्या एसएसचा प्रमुख हिमलर याने बरोब्बर पन्नास वर्षांपूर्वी त्याच तारखेला काढलेल्या हुकमाचा मजकूर आहे, सिंती-रोमांना आउशविट्झला पाठवायचा. समोर मोठं बांधकाम, पत्रे, क्रेन, आम्हाला शोधायलाच वीस मिनिटं लागली. पुढचे दगड तर त्याने परवानगी न घेताच बसवले होते, इथेही आणि १९९६ मध्ये बर्लिनच्या ओरानियेनश्ट्रासेवरही, कागदपत्रं मागून झाली.

गेस्टापोचं ऑफिस असलेलं एल-डे हाउसही बघितलं. तळघरातल्या कोठड्यांच्या भिंतींवर कैद्यांनी खिळ्याने, नखाने, खडूने लिहिलेला जवळपास १८०० ठिकाणचा मजकूर आहे, रशियन, युक्रेनियन, फ्रेंच, जर्मन. कुणी तारखा मोजल्यात, कुणी बायकोला निरोप लिहिलाय. आसपासचं बरंच शहर बॉम्बने सपाट झालं आणि ही इमारत मात्र जवळपास धड राहिली.

शुक्रवार

परत बर्लिन. भाचीच्या ऑफिसातल्या एक बाई ज्या इमारतीत राहतात तिथे आज नवे दगड बसणार होते, त्यांनी आम्हालाही या म्हटलं.

साधारण तीसेक माणसं, थंडी मरणाची. कामगार दोन, नारिंगी जॅकेट घातलेले. आधीच मोजून फरशीचे छोटे दगड उपटले, खड्डा केला, वाळू घातली, मग एकेक ठोकळा ठेवला, खाली काँक्रीट आणि वर पितळेची टोपी, रबरी हातोडीने टक टक करून लेव्हलला आणला, फटींत बारीक खडी आणि वाळू, वरून पाणी, झाडू, ओलं फडकं. वीस मिनिटांत चार दगड. तिघांच्या शेवटी आउशविट्झ, चौथ्यावर किंडरट्रान्सपोर्ट (ज्यू मुलांना आईवडिलांशिवाय बाहेर पाठवायची सोय) १९३९ आणि इंग्लंड, म्हणजे मुलगी वाचली. वाचलेल्यांचाही दगड त्याच घरासमोर बसवतात, कुटुंब परत एके ठिकाणी यावं म्हणून. त्या मुलीची नात आली होती. भाषण नाही केलं तिने, आजीचे आईवडील आणि धाकटा भाऊ यांची नावं वाचली फक्त.

(जीव वाचवून पळालेल्यांतले काही मुंबईलाही आले होते. आकाशवाणीची सकाळची धून ज्याच्या नावावर आहे तो वॉल्टर कॉफमन, कार्ल्सबादचा (आजच्या चेक देशातला) ज्यू, याच शार्लोटेनबुर्गच्या संगीत विद्यालयात शिकलेला आणि १९३४ मध्ये मुंबईत उतरलेला. आमच्या घरी त्या धूनवर स्टोव्ह पेटायचा.)

ऑफिसातल्या बाईंनी या कुटुंबाची माहिती दोन वर्षं खपून काढली. मी विचारलं कुठून मिळाली, तर म्हणाल्या पॉट्सडामच्या सरकारी दफ्तरखान्यातून. नेण्याआधी प्रत्येकाला १६ पानी फॉर्म भरावा लागायचा, घरातलं काय काय आहे त्याचा. खुर्च्या किती, चादरी किती, काट्याचमचे किती, मुलाचा पलंग. मग माणसं गेली की वसुली अधिकारी यायचा, किंमत लावायचा, लिलाव व्हायचा, आणि घ्यायला त्याच गल्लीतले लोक. या फायलीत घरमालकाचं पत्रही सापडलं म्हणे, सरकारला लिहिलेलं, की अमुक कुटुंब गेल्यापासून फ्लॅट सील आहे, माझं दोन महिन्यांचं भाडं थकलंय ते त्यांच्या जप्त रकमेतून मिळावं. मिळालं.

कुणाच्याही मनात काय होतं ते मला माहीत नाही, पण पत्र लिहिणाऱ्याला ते परत येणार नाहीत याची खात्री होती एवढं त्या पत्रातून कळतं. दगडावर चार नावं येतात, त्या पत्रवाल्याचं नाव कुठेच येत नाही.

कार्यक्रम संपला तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा कामगाराला विचारत होते पावसात यावरून सायकल घसरणार नाही ना. कामगार म्हणाला नाही घसरत.

शनिवार

निघायचा दिवस, काही बघितलं नाही, चॉकलेटं घेतली.

जाणार असाल तर दोन-तीन कामाच्या गोष्टी. दगड शोधायला वेगळं फिरावं लागत नाही, राहता तिथल्या आसपास चार गल्ल्या हिंडलात तरी सापडतील. बर्लिनच्या दगडांची यादी नेटवर रस्त्याप्रमाणे आहे, बऱ्याच नावांखाली त्या माणसाची माहितीही असते, आणि कोलोनच्या बाजूला जाणार असाल तर तिथल्या राज्यातल्या दगडांचं फुकट अॅप आहे. एक दगड बसवायला जो खर्च येतो तो कुणीही देऊ शकतो, पण रांग मोठी आहे, वर्षं लागतात. चोरीही होते, पूर्व जर्मनीतल्या त्साइट्स गावातले सगळे दगड २०२४ च्या ७ ऑक्टोबरला उपटून नेले होते, लोकांनी वर्गणी काढून पुन्हा बसवले.

ग्रुनेवाल्डला सकाळी जा, शाळांच्या सहली अकरानंतर येतात. डालेमला खायला काही विशेष मिळत नाही, डबा न्या. आणि नोव्हेंबरमध्ये साडेचारला अंधार पडतो, गुडघे दुखणाऱ्यांनी फोनचा टॉर्च लावून उभ्यानेच फोटो काढावा आणि मोठा करून वाचावा, कुणी काही म्हणत नाही.